बाबा, तुम्ही फक्त आराम करा



अध्यक्षीय भाषणात आधी आपल्या व्यवसायाचा गौरव करायचा आणि मग सरकारकडे चार मागण्या करून खाली बसायचं, असा एक सोयीस्कर रिवाज आहे. मागण्या मीही करणार आहे. पण त्यातल्या बऱ्याचशा तुमच्या-माझ्याकडेच आहेत, तेव्हा टाळ्या जरा जपून वाजवा.

आपल्यापैकी कोणाच्याही ओपीडीत डोकावलं तर हे दृश्य दिसेल. पंच्याहत्तरीचे काका, सोबत मुलगा आणि सून, कधी ठाण्या-पुण्याहून खास रजा काढून आलेली मुलगी. आपण विचारतो, "काय त्रास होतोय, काका?" काकांनी घसा साफ करेपर्यंत मुलानं सांगायला सुरुवात केलेली असते. एकच गोष्ट चारदा विचारतात. चष्मा कुठेतरी ठेवतात आणि शोधत बसतात. परवा नातवाला धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली. मग एमआरआयचं ते भलंमोठं पाकीट टेबलावर येतं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलेले. "दिवसभर काय करतात?" असं विचारलं की सून सांगते, "काही नाही. आम्ही त्यांना काही करूच देत नाही. बाबा, तुम्ही फक्त आराम करा, असं सांगितलंय." हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नसते. सासऱ्यांचं आपण नीट बघतो याचं समाधान असतं, आणि ते खोटंही नसतं.

एमआरआय आपण काळजीपूर्वक बघतो. बी-१२, थायरॉइड, साखर तपासतो; तपासायलाच हवं. सुनेचं ते वाक्य मात्र केसपेपरवर कुठेच उतरत नाही. म्हातारपणी बुद्धीला ओहोटी लागते तेव्हा मेंदूच्या आत जे घडत असतं त्याचा वाटा मोठा असतो, यात वाद नाही. पण त्या माणसाशी कोण बोलतं, त्याला कोणी काही विचारतं का, त्याच्यावाचून घरातलं काय अडतं, यांचाही वाटा असतो. आणि आपल्याकडे हे सगळं माणसाकडून एकेक करून काढून घेतलं जातं, तेही प्रेमापोटी. मला आज एवढंच म्हणायचं आहे. पुढचं सगळं त्याचा पुरावा, आणि त्या पुराव्याच्या मर्यादा.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगाचे आतापर्यंत तीन अहवाल आले. २०१७ च्या अहवालात बदलता येण्याजोगी ९ कारणं होती, २०२० मध्ये ती १२ झाली आणि २०२४ मध्ये १४. ही सगळी कारणं नाहीशी करता आली, तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळेल किंवा पुढे ढकलला जाईल, असा आयोगाचा हिशेब आहे. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल ही नावं त्या यादीत असणारच. पण कमी शिक्षण, ऐकू न येणं, दिसेनासं होणं, नैराश्य आणि समाजापासून तुटणं हीसुद्धा त्याच यादीत आहेत. हा ४५ चा आकडा हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर भलत्याच रूपात फिरतो. रोज शब्दकोडं सोडवा म्हणजे अल्झायमरचं काम निम्म्यावर आलं, अशा थाटात. आकडा अख्ख्या लोकसंख्येचा आहे. उद्या तुमच्यासमोर बसणाऱ्या एका आजींचं भवितव्य त्यावरून सांगता येत नाही. आणि शब्दकोड्याचं त्या यादीत नावही नाही.

शिक्षणाचा या दुखण्याशी काय संबंध, याची एक गोष्ट मला फार आवडते, म्हणून ती सविस्तर सांगते. डेव्हिड स्नोडन या संशोधकानं १९८६ मध्ये अमेरिकेतल्या 'स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम' या ख्रिस्ती संघातल्या नन्सचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यात ७५ वर्षांवरच्या ६७८ जणी सामील झाल्या. बहुतेक जणी शिक्षिका. मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायला सगळ्यांनी संमती दिली. संशोधकाला याहून सोयीचा गट मिळणं अवघड: एकाच प्रकारचं घर, एकाच तऱ्हेचं जेवण, बाळंतपणं नाहीत, व्यसनं नाहीत. त्यात संघाच्या दप्तरात एक घबाड सापडलं. संघात येताना, वयाच्या विशी-बाविशीत, अनेकींनी स्वतःच्या हातानं एक छोटं आत्मवृत्त लिहून दिलेलं होतं. त्या वाक्यांमध्ये किती कल्पना गुंफल्या आहेत, हे संशोधकांनी मोजलं. ज्यांचं लेखन तेव्हा विरळ होतं, त्यांच्यात साठेक वर्षांनी अल्झायमरचं प्रमाण कितीतरी जास्त निघालं. आणि सिस्टर मेरी नावाच्या एका नन १०१ व्या वर्षी गेल्या. जाण्यापूर्वीच्या चाचण्यांत त्यांना उत्तम गुण होते. त्यांचा मेंदू तपासला तेव्हा त्यात अल्झायमरचे प्लाक आणि टँगल भरपूर सापडले.

म्हणजे रोगाच्या खुणा मेंदूत होत्या, वागण्यात आल्या नाहीत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले याकोव्ह स्टर्न यांनी अशा निरीक्षणांना सैद्धांतिक बैठक दिली. ती कल्पना माझ्या विद्यार्थ्यांना सांगताना मी गंगाजळी हा शब्द वापरते. शाळा, कामधंदा, वाचन, माणसांतली ऊठबस यांतून आयुष्यभर शिल्लक साठत जाते. रोग त्यातून उचल करत राहतो, आणि शिल्लक आहे तोवर बाहेर काही दिसत नाही. चाणाक्ष श्रोत्यांच्या मनात इथे शंका आली असेल, आणि ती रास्त आहे: विशीतलं विरळ लेखन हे कारण, की तेव्हापासूनच मेंदूत काही वेगळं असल्याची खूण? नन्सच्या अभ्यासावरून हे सुटत नाही. म्हणून त्या एका अभ्यासावर कोणी इमले बांधू नयेत. पण शिक्षणाचा धागा नंतर अनेक देशांत, अनेक पद्धतींनी सापडत गेला.

आपल्याकडे तो धागा कुठे नेतो? १९५१ च्या जनगणनेत भारतातलं स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण ८.८६ टक्के होतं. आज ज्या आजी ऐंशीच्या घरात आहेत, त्या त्याच सुमारास शाळेच्या वयाला पोचल्या. शाळेत किती जणी गेल्या, हे वेगळं सांगायला नको. आता दुसरा आकडा ऐका. 'लासी' या देशव्यापी पाहणीला जोडून ६० वर्षांवरच्या ४०९६ लोकांच्या बुद्धीची सखोल तपासणी झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साठीपुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पुरुषांत ५.८ टक्के, स्त्रियांत ९. शहरात ५.३ टक्के, खेड्यात ८.४. गावाकडची मोकळी हवा, भाकरी आणि कष्ट यांच्यामुळे गावच्या म्हाताऱ्यांची डोकी शाबूत राहतात, अशी आपली एक लाडकी समजूत आहे. ती आता सोडून द्यायला हवी. डिमेन्शियाचा प्रतिबंध सुरू होतो सातव्या-आठव्या वर्षी, मुलीला शाळेत घालताना. आपण भेटतो त्या बाईच्या बाबतीत ती वेळ टळून साठ-सत्तर वर्षं झालेली असतात.

पूर्णपणे टळलेली असते असं मात्र नाही. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी त्या गुलाबी लुगड्यांचे फोटो भरपूर छापले. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. घरात कोणी विचारत नसलेल्या बाईला ठरलेल्या वेळी आवरून कुठेतरी जायचं होतं, तिथे तिची वाट बघणाऱ्या मैत्रिणी होत्या, आणि घरी परतल्यावर नातवाला दाखवायला अभ्यास होता. अक्षरओळखीमुळे त्यांच्या स्मरणशक्तीत किती फरक पडला, हे सांगायला मोजमाप लागेल. पण दिवसाला आकार आला, हे कोणालाही दिसत होतं.

मोजमापाचा विषय निघालाच आहे तर आपल्या पेटीतल्या हत्यारांकडेही बघू. १९७५ मध्ये फोल्स्टीन आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली ३० गुणांची एमएमएसई चाचणी आपण वर्षानुवर्षं वापरतो. शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. आज तारीख किती? ज्या बाईनं कधी पेन धरलं नाही तिला हे विचारायचं आणि गुण कमी पडले की 'कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' असा शेरा मारायचा. तारीख तिला सांगता येत नसेल; अमावास्येला किती दिवस उरले, बाजार कोणत्या वारी, गाभण गाय कधी विणार, हे ती अचूक सांगते, आणि ते आपण विचारत नाही. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी निरक्षर ग्रामीण लोकांसाठी हिंदी चाचणी बेतली, तेव्हा 'लिहा' ऐवजी 'तुमच्या घराविषयी काहीतरी सांगा' असं विचारलं, आणि सूचना वाचून डोळे मिटायला सांगण्याऐवजी मी करतो तसं करा, असं सांगितलं. युक्ती साधीच आहे. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी त्यांच्या बोलीत, त्यांच्या दिनक्रमातून काढलेली प्रमाणित चाचणी प्रत्येक विभागाच्या हाताशी असायला हवी, आणि हे काम या सभागृहाबाहेरचं कोणी येऊन करणार नाही.

निरक्षर म्हणजे गंगाजळी शून्य, असंही समजू नका. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली; २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेला दिसला. आणि हा फरक शाळेत कधीच न गेलेल्यांतही होता. तेलुगू, दक्खिनी, हिंदी असा रोजचा व्यवहार करणारा माणूस दिवसभर एक भाषा आवरून दुसरी काढत असतो, तो त्याचा न कळत चाललेला व्यायाम. इतरत्र झालेल्या सगळ्या अभ्यासांत हे असंच दिसलं नाही, तेव्हा फार जोर देत नाही. पण सोलापूरच्या विणकर वस्तीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दक्खिनी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. तिथल्या एखाद्या तरुण संशोधकाला यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

आता एकटेपणाकडे येते. शिकागो परिसरात रॉबर्ट विल्सन यांनी ८२३ वृद्धांचा काही वर्षं पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांना अत्यंत एकटं वाटत होतं त्यांना अल्झायमर होण्याची शक्यता, ज्यांना तसं फारसं वाटत नव्हतं त्यांच्या सुमारे दुप्पट होती. जे वारले त्यांचे मेंदू तपासले, तर एकटेपणाचा आणि प्लाक-टँगलचा संबंध दिसला नाही. मग एकटेपणा इजा करतो तो कुठल्या वाटेनं? झोप, ताणाची संप्रेरकं, रक्तदाब, की बोलण्या-ऐकण्याचा सरावच कमी होतो म्हणून? उत्तरं अनेक आहेत आणि बहुधा सगळीच थोडी थोडी खरी आहेत.

यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: हे तिकडचं झालं, आपल्याकडे घरं भरलेली असतात. म्हणून आणखी एक अभ्यास सांगते, आणि त्यातला एक तपशील नीट ऐका. लंडनच्या सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' पाहणीतल्या दहा हजारांवर लोकांची माहिती अँड्र्यू सॉमरलाड आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये तपासली. साठीच्या सुमारास मित्रमंडळींना जवळजवळ रोज भेटणाऱ्यांना, काही महिन्यांतून एखाद-दुसऱ्या मित्राला भेटणाऱ्यांपेक्षा पुढे डिमेन्शियाचा धोका १२ टक्क्यांनी कमी होता. हा फरक मित्रांच्या भेटींमुळे दिसला. नातेवाइकांच्या भेटींचा तसा परिणाम दिसला नाही.

का, याचा अंदाज तुम्हाला घरी गेल्यावर येईल. नातेवाईक औषध घेतलं का विचारतात, जेवण झालं का विचारतात. उत्तर 'हो' किंवा 'नाही'. कट्ट्यावरचा मित्र मात्र वाद घालतो. चौसष्ट सालच्या कुठल्याशा निवडणुकीबद्दल तू चुकतोयस, ती बासष्टची, असं तोंडावर सांगतो. त्याला उत्तर द्यायचं तर आठवावं लागतं, मुद्दा मांडावा लागतो, चिडावं लागतं, हसावं लागतं. भेटायला जायचं तर दाढी करावी लागते. भरल्या घरातले आजोबा बऱ्याचदा एकटे असतात ते अशा संभाषणाविना. मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेल्या आई-वडिलांना विचारा. घर मोठं, फ्रिज भरलेला, मुलं प्रेमळ, पण गाडी चालवता येत नाही म्हणून रस्त्यापर्यंत जाता येत नाही आणि दिवसभरात बोलायला फक्त टीव्ही. त्यांच्यापैकी किती जण परतल्यावर 'तिकडे जरा विसरायला व्हायला लागलं होतं' असं सांगतात, हे तुम्हीही ऐकलं असेल.

स्त्रियांसाठी कट्टाही नाही. महापालिकांनी विरंगुळा केंद्रं काढली. तिथे कॅरम आणि पत्ते रंगतात आणि खुर्च्यांवर बहुतेक पुरुष दिसतात. बायकांचा वेळ भजनी मंडळात, हळदीकुंकवात, भिशीत जातो, तोही पती गेल्यावर अनेक घरांत आक्रसतो. हळदीकुंकवाला विधवा बाईला न बोलावणं हा आपण धार्मिक किंवा सामाजिक प्रश्न मानतो. ज्या वयात माणसं जोडून ठेवायची असतात नेमक्या त्या वयात तिला मैत्रिणींपासून तोडलं जातं, म्हणून मी तो आपल्या विषयातला प्रश्नही मानते. अनेक देशांतल्या ८ लाखांवर लोकांची माहिती एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जोडीदार गमावलेल्यांना डिमेन्शियाचा धोका विवाहितांपेक्षा २० टक्के जास्त दिसला होता. त्यात आपल्या रूढींची भर वेगळी.

कानाबद्दल थोडंच सांगते, कारण इथे उपाय हाताशी आहे. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपण दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा 'काही नाही, जाऊ दे' म्हणतो. त्या 'जाऊ दे'पासून तो संभाषणातून बाहेर पडतो. पुढे घरचे हळू आवाजात आपल्याबद्दलच बोलतात असा संशय येऊ लागतो आणि मग त्याला आपल्याकडे आणलं जातं. अमेरिकेत ९७७ वृद्धांवर तीन वर्षं चाललेल्या 'अचीव्ह' चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एकूण गटात कानाच्या मशीनमुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधीपासून धोका अधिक होता, त्या गटात घसरणीचा वेग ४८ टक्क्यांनी कमी झाला. निकाल संमिश्र आहे आणि तो संमिश्र म्हणूनच सांगायला हवा. तरी ज्याला ऐकू येत नाही त्याची स्मरणचाचणी घेणं हे तर्काला धरून नाही, एवढं मान्य करायला कुठलाच अभ्यास लागत नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून कानाची मशीनं मिळतात, राज्याच्या योजनेत ६५ वर्षांवरच्या पात्र व्यक्तींना साधनांसाठी ३००० रुपये थेट खात्यात येतात. मशीन मिळतं. ते कानात नीट बसवून देणारा, आवाज जुळवून देणारा, महिन्यानं पुन्हा बघणारा माणूस मिळत नाही, म्हणून ते कपाटात जातं.

आता त्या सुनेच्या वाक्याकडे. आराम वाईट नाही. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांत आराम म्हणजे अधिकार काढून घेणं असतं. आधी बँकेचं पासबुक जातं, मग भाजी आणण्याची पिशवी जाते, मग 'आईंना गॅसजवळ जाऊ देत नाही'. गॅसची भीती खरी आहे. पण उद्या काय शिजणार हे ठरवायला गॅस लागत नाही, आणि तेही त्यांना कोणी विचारत नाही. दर नोव्हेंबरात निवृत्त माणूस हयातीचा दाखला द्यायला बँकेत जायचा. इस्त्रीचा सदरा, रांगेत भेटणारे जुने सहकारी, कोण गेलं कोण आहे याची चौकशी, परतताना चहा. २०१४ पासून हा दाखला डिजिटलही देता येऊ लागला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही मोठीच सोय आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. मात्र चालत्या-फिरत्या माणसाचंही ते काम मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत उरकून टाकतो, तेव्हा वडिलांच्या वर्षातला एक जिवंत दिवस कमी होतो. वर ओटीपी वेळेत टाकता आला नाही की 'बाबांना आता काही कळत नाही' हे आहेच. तीस सेकंदांच्या ओटीपीत गोंधळणं हे स्मृतिभ्रंशाचं लक्षण असेल, तर या सभागृहातल्या पहिल्या दोन रांगा भरतील एवढी माणसं आजच दाखल करावी लागतील.

नैराश्य हा तर आपला घरचा विषय, म्हणून फक्त आठवण देते. लेस्ली किलोह यांनी १९६१ मध्ये 'स्यूडो-डिमेन्शिया' या नावाखाली असे रुग्ण वर्णिले, ज्यांचं वागणं डिमेन्शियासारखं दिसलं आणि नंतर सुधारलं. प्रश्न विचारला की 'माहीत नाही' म्हणून गप्प बसणारा माणूस आणि चुकीचं का होईना, उत्तर जुळवून देणारा माणूस, यांतला फरक ओळखायला वेळ द्यावा लागतो. शिवाय नैराश्य हटलं म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही. उतारवयातलं नैराश्य कधी येऊ घातलेल्या डिमेन्शियाचं पहिलं पाऊलही असतं. तेव्हा औषध सुरू करून सहा महिन्यांनी पुन्हा बोलवायचं विसरू नका.

म्हातारपणाबद्दल समाज जे बोलतो त्याचाही शरीरावर परिणाम होतो, हे येल विद्यापीठातल्या बेका लेव्ही गेली अनेक वर्षं दाखवत आल्या आहेत. ओहायोतल्या लोकांच्या जुन्या नोंदींवरून त्यांनी २००२ मध्ये मांडलं की वार्धक्याकडे चांगल्या नजरेनं पाहणारे लोक सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. पुढे २०१८ मध्ये, अल्झायमरचा धोका वाढवणारं एपीओई-४ जनुक असलेल्यांतही वार्धक्याबद्दल चांगली धारणा असणाऱ्यांत डिमेन्शिया जवळपास निम्मा दिसला. 'साठी बुद्धी नाठी' आपण थट्टेत म्हणतो. विसाव्या वर्षी चाव्या हरवल्या तर तो धांदरटपणा आणि पासष्टाव्या वर्षी हरवल्या तर म्हातारचळ, हे ऐकत मोठा झालेला माणूस पासष्टीला स्वतःवरच पाळत ठेवू लागतो आणि चारचौघांत बोलणं टाळतो.

आजार झाल्यानंतरही आजूबाजूच्या वागण्याचं वजन कमी होत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या पुस्तकात एक यादी दिली आहे: लहान मुलासारखं वागवणं, समोर असताना नसल्यासारखं बोलणं, झेपणार नाही अशा वेगानं घाई करणं, थट्टा, धमकी, दुर्लक्ष. वाईट माणसंच असं करतात असं त्यांचं म्हणणं नव्हतं. भली माणसंही हेच करतात, आणि त्यानं रुग्ण आणखी खचतो. मराठीत हा विषय सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 'अस्तु'मध्ये फार समजुतीनं हाताळला. हत्तीमागे भरकटत गेलेल्या संस्कृत पंडिताला माहुताची बायको सांभाळते. तो कोण होता, किती विद्वान होता, हे तिला माहीत नाही, त्यामुळे काय गेलं याचा हिशेबही ती मांडत नाही. डॉ. मोहन आगाशे आणि अमृता सुभाष यांची ती दृश्यं मी प्रशिक्षणात दाखवते. त्यानंतर व्याख्यानाची गरज फारशी उरत नाही.

शहरी मध्यमवर्गाबद्दल मी बरंच बोलले. आता बीडबद्दल बोलू द्या. दिवाळीच्या आसपास तिथल्या गावांतली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिन्यांनी परततात. मागे राहतात म्हातारे आणि शाळेतली नातवंडं. इथे 'आराम करा' म्हणणारं कोणी नाही. पाणी, चूल, शेरडं, नातवंडांची शाळा सगळं म्हातारीच्या अंगावर. तिचं कोणावाचून अडत नाही, तिच्यावाचून सगळ्यांचं अडतं. माझ्या आत्तापर्यंतच्या युक्तिवादाप्रमाणे तिची बुद्धी तल्लख राहायला हवी. पण तिचा रक्तदाब मोजला जात नाही, मोतीबिंदू पिकलेला असतो, कान गेलेला असतो, आणि ती विसरू लागली तर ते टिपणारं मोठं माणूस सहा महिने घरात नसतं. जबाबदारी माणसाला जागं ठेवते हे जेवढं खरं, तेवढंच आधाराविना लादलेली जबाबदारी त्याला झिजवते हेही खरं. या दोन गोष्टी कुठे वेगळ्या होतात, हे शोधायचं तर लंडन-शिकागोच्या आकड्यांचा उपयोग नाही. केज, धारूर, शिरूर कासारला जावं लागेल, तेही जानेवारीत, गाव रिकामं असताना.

एक इशारा देऊन मी ठरावाकडे वळते. मी आज जे संबंध सांगितले त्यातले बरेच उलटेही वाचता येतात. माणूस एकटा पडला म्हणून विसरू लागला, की विसरू लागला म्हणून लाजेनं घरात बसला? डिमेन्शियाची सुरुवात निदानाच्या दहा-पंधरा वर्षं आधी होत असल्यानं हा प्रश्न कायम राहतो. म्हणून कृपा करून कुठल्याही मुलीला, सुनेला असं ऐकवू नका की तुम्ही बोलला असतात तर आईंना हे झालं नसतं. उत्तम शिकलेली, माणसांत रमणारी, चार भाषा बोलणारी माणसंही या आजारानं जातात. आणि रात्र-रात्र जागून करणाऱ्या त्या सुनेची स्वतःची झोप, तिच्या मैत्रिणी, तिचा रक्तदाब यांची नोंद कोण ठेवतं, हाही प्रश्न याच परिषदेचा आहे.

दुपारच्या सत्रात मांडायचा ठराव तुमच्या हातात आहे. त्यात सरकारकडे एवढंच मागितलं आहे की कानाच्या मशीनबरोबर ते बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या किमान दोन भेटींचा खर्च योजनेत धरावा, आणि विरंगुळा केंद्रांत स्त्रियांसाठी राखीव वेळ असावी. बाकी सगळं आपल्यासाठी आहे. स्मरणचाचणीपूर्वी कान आणि डोळे तपासल्याची नोंद केसपेपरवर असावी. काल दिवसभरात कोणाशी बोललात, घरातलं कोणतं काम तुमच्या हातात आहे, मैत्रिणीला किंवा मित्राला शेवटचं कधी भेटलात, हे तीन प्रश्न पहिल्या भेटीत विचारावेत. निरक्षरांसाठीच्या मराठी चाचणीची जबाबदारी वाटून घ्यायला एक समिती नेमावी. पाचव्या कलमाला विरोध होणार हे मला माहीत आहे. काल रात्री जेवणाच्या वेळीच काही जणांनी तसं सांगितलं. पहिली दहा मिनिटं नातेवाइकांनी बाहेर बसावं आणि आपण फक्त त्या वृद्ध व्यक्तीशी बोलावं, असं ते कलम आहे. सरकारी ओपीडीत माणशी चार मिनिटं मिळतात, दहा कुठून आणायची, हा आक्षेप अगदी खरा आहे. त्यावर माझं उत्तर तयार नाही. जिल्हा रुग्णालयांत काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी आधी बोलावं, मग आपण कलम ठेवायचं की बदलायचं ते ठरवू.